कलाचार्य नंदलाल बोस : एका नापास विद्यार्थ्याचे चरित्र

आपल्या स्मरणिकेत प्रतिवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे छापण्याचा प्रघात आहे. तो स्तुत्य आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ज्या घरांतून असे छायाचित्र कधीच पाठविले जात नाही, त्या घरांतील मुलांविषयी या पृष्ठांवर अवाक्षरही येत नाही, हेही तितकेच खरे. यंदाच्या चरित्रलेखासाठी कोणती थोर व्यक्ती निवडावी याचा विचार करीत असता मला त्या मुलांचे स्मरण झाले. परीक्षेत एकदा नव्हे, अनेकदा अपयश आलेला, कोणत्याच विषयात मन न रमणारा, घरच्यांच्या चिंतेचा विषय झालेला एक बंगाली मुलगा पुढे हिंदुस्थानच्या कलेचा आचार्य झाला. त्याचे नाव नंदलाल बोस. भारताच्या राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखितावरील चित्रे ज्यांच्या मार्गदर्शनाखाली काढली गेली, ते हेच. त्यांची कीर्ती बहुतेकांस ऐकून ठाऊक असते. तिच्या आधीची वर्षे मात्र फारशी कोणी सांगत नाही. या लेखात त्या वर्षांना जागा अधिक दिली आहे, ती हेतुपुरस्सर.

नंदलालचा जन्म 3 डिसेंबर 1882 रोजी बिहारमधील मुंगेर जिल्ह्यातील खरगपूर या गावी झाला. रेल्वेच्या मोठ्या फलाटासाठी प्रसिद्ध असलेले खरगपूर ते हे नव्हे. हे डोंगरांच्या पायथ्याशी वसलेले एक लहानसे गाव होय. वडील पूर्णचंद्र बोस दरभंग्याच्या महाराजांच्या संस्थानात जबाबदारीच्या नोकरीवर होते. घराणे मूळचे बंगालचे, परंतु पोटासाठी बिहारात स्थायिक झालेले. आई क्षेत्रमणिदेवी यांच्या हाताला उपजत कसब होते. मुलांसाठी बाहुल्या व खेळणी घडवावीत, कापडावर भरतकाम करावे, हे त्यांचे घरातले काम. त्यास कोणी कला म्हणत नसे, आणि त्यांनी स्वतःही तसे म्हटले नसावे. ही माउली नंदलालच्या बालपणीच निवर्तली. तिने हातात दिलेली खेळणी आणि दुर्गापूजेच्या दिवसांत गावचे कुंभार मातीतून उभ्या करीत ते देव, एवढीच या मुलाची पहिली चित्रशाळा. कुंभार मूर्ती घडवीत बसले की हा तासन् तास त्यांच्यापाशी बसून राही आणि मग आपणही मातीचे गोळे घेऊन तसलेच काही करू पाही.

पंधराव्या वर्षी पुढील शिक्षणासाठी त्याची रवानगी कलकत्त्यास झाली. गावाकडच्या मुलाला मोठ्या शहरात शिकावयास पाठवावे, म्हणजे तो शहाणा होऊन, पदवी घेऊन, चांगल्या पगारावर चिकटेल, ही त्या काळच्या प्रत्येक पांढरपेशा कुटुंबाची आशा. आपल्याकडेही याहून वेगळे काय होते? सेंट्रल कॉलेजिएट शाळेत त्याचे नाव घातले गेले. एंट्रन्सची परीक्षा, म्हणजे आपली त्या वेळची मॅट्रिक, तो 1902 साली उत्तीर्ण झाला. तेव्हा त्यास विसावे वर्ष लागलेले होते. त्याच्याबरोबरची हुशार मुले तोवर पदवीच्या जवळ येऊन ठेपली असतील. वर्गात शिक्षक धडा समजावून देत असता नंदलालचे डोळे पुस्तकावर असत आणि हात वहीच्या समासात चालत असे. समासांत माणसे, पशू, देवदेवता यांची दाटी होई. धडा कोणता होता, हे मात्र त्यास सांगता येत नसे.

पुढील तीन वर्षे ही या चरित्रातील सर्वांत दुःखाची. एंट्रन्सनंतर एफ. ए. चा अभ्यास सुरू झाला आणि तेथे त्याची गाडी जी अडली ती अडलीच. एका महाविद्यालयात वरच्या वर्गात जाता येईना, म्हणून दुसरे धरावे, तेथेही तेच. दरम्यान 1903 च्या जून महिन्यात, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याचा विवाहही झाला. वधू सुधीरादेवी ही वडिलांच्या स्नेह्याची कन्या. म्हणजे आता अपयशाचा भार एकट्याचा राहिला नाही. सासरी आलेली एक अल्पवयीन मुलगी, दूर बिहारात पैसे धाडणारे वडील, आणि परीक्षेचा निकाल विचारणारे सर्व आप्तेष्ट. असा काळ ज्याने स्वतःच्या घरी पाहिला असेल, त्यास त्याचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. निकालाच्या दिवशी घरात सर्वजण हळू आवाजात बोलतात. मुलासमोर ताट ठेवले जाते, पण त्याच्याकडे कोणी पाहत नाही. बोस यांच्या घरी नेमके असेच झाले असेल, असे मी म्हणत नाही. माझ्या स्वतःच्या लहानपणी मी हे जवळून पाहिले आहे, म्हणून लिहितो.

या मुलास दिशा नव्हती, असे बाहेरून पाहणाऱ्यास वाटावे. वस्तुस्थिती अशी की, दिशा होती, पण तिला नाव नव्हते. त्याच्या हाती जे पैसे येत ते अभ्यासाच्या पुस्तकांऐवजी जुन्या सचित्र मासिकांवर व छापील चित्रांवर खर्च होत. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छापील प्रती त्या काळी देशभर घरोघर पोहोचल्या होत्या. त्यांचा छापखाना आधी मुंबईत व नंतर आपल्या लोणावळ्याजवळच्या मळवलीस होता, हे पुष्कळांस आठवत असेल. त्या चित्रांच्या धर्तीवर नंदलालने महाश्वेतेचे चित्र काढले. राफाएलसारख्या युरोपीय चित्रकारांच्या चित्रांच्या नकला केल्या. कलाशाळेत शिकणाऱ्या एका नातलगाकडून समोर वस्तू मांडून तिचे चित्र कसे काढावे, याचे धडे घेतले. हे सारे लपतछपत, अपराध्यासारखे. अभ्यास सोडून चित्रे काढणे हा दोष आहे, हे त्यासही मान्य असावे. कारण तोवर त्याने तो व्यवसाय म्हणून घरी ठामपणे मागितलेला नव्हता, किंवा मागितला तर तो नाकारला गेला होता.

अशा मनःस्थितीत असता एके दिवशी त्याच्या पाहण्यात अवनींद्रनाथ टागोरांची चित्रे आली. बुद्धास खीर अर्पण करणारी सुजाता हे त्यांतील एक. रविवर्म्याच्या चित्रांत तैलरंगांचा झगझगीतपणा आणि भरदार देह. येथे सारेच मंद, झिरझिरीत, स्वप्नात पाहिल्यासारखे. आणि तरीही देशी, आपले. हे चित्र काढणाऱ्यापाशीच आपण शिकावयाचे, असे त्या मुलाने ठरविले. पाच-सहा वर्षे जो कशाविषयीच काही ठरवू शकला नव्हता, त्याने घेतलेला हा पहिला निश्चय होय.

तो 1905 सालचा सुमार. बंगालच्या फाळणीने कलकत्ता पेटून उठले होते आणि स्वदेशीची शपथ घेतली जात होती. नंदलाल त्या वेळी प्रेसिडेन्सी कॉलेजात वाणिज्याच्या वर्गात दाखल झालेला होता. विज्ञान नाही, वाङ्मय नाही, तर निदान हिशेब तरी शिकेल, हा वडीलधाऱ्यांचा शेवटचा प्रयत्न. तोही फसला. तेव्हा मात्र त्याने घरी विनवण्या करून कलाशाळेत जाण्याची परवानगी मिळविली. पूर्णचंद्रांनी ती दिली, याचे श्रेय त्यांस देणे मला आवश्यक वाटते. चरित्रकार बहुधा वडिलांना अडसर म्हणून रंगवितात. पण 1905 साली चित्रकार म्हणजे काय, याचा विचार करावा. कलाशाळेतून बाहेर पडलेला मुलगा फार तर नकाशे काढणारा कारकून होणार, शाळेत ड्रॉइंग मास्तर होणार, किंवा जमीनदारांच्या तसबिरी रंगवीत फिरणार. लग्न झालेल्या मुलास त्या वाटेने जाऊ देण्यास जे धैर्य लागते, ते मुलाच्या धैर्याहून कमी नसते.

सरकारी कलाशाळेचे प्रमुख त्या वेळी हॅवेल नावाचे इंग्रज गृहस्थ होते आणि अवनींद्रनाथ उपप्रमुख. हिंदी विद्यार्थ्यांनी ग्रीक पुतळ्यांच्या नकला करीत बसण्यापेक्षा आपल्याच देशाची लेणी, मूर्ती आणि मोगल-राजपूत चित्रे अभ्यासावीत, असे सांगणारा हा इंग्रज. त्याच्या या मतामुळे स्वदेशाभिमानी मंडळींतच त्याच्याविषयी संशय उत्पन्न झाला होता, ही एक गंमतच. युरोपीय विद्या दडवून ठेवण्याचा हा डाव आहे, असे कित्येकांस वाटे. नंदलाल आपल्या चित्रांची गुंडाळी घेऊन तेथे गेला. अवनींद्रनाथांनी या सावळ्या, संकोची मुलाकडे पाहून प्रथम शंका घेतली ती हीच की, हा शाळेतून पळून तर आलेला नाही. शिक्षण किती झाले याचा दाखला त्यांनी पाहण्यास मागितला. एंट्रन्स उत्तीर्ण झाल्याचा कागद येथे कामास आला. इतक्या वर्षांच्या शिक्षणाचा तेवढाच उपयोग झाला, असे म्हणावयास हरकत नाही. मग परीक्षा म्हणून त्यास तेथल्या तेथे चित्र काढावयास सांगण्यात आले. त्याने सिद्धिदात्या गणेशाचे चित्र रेखाटले. त्याचा हात पाहून त्यास प्रवेश मिळाला. ही परीक्षा मात्र तो पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाला.

येथून पुढे त्यांचा उल्लेख नंदबाबू असाच केला पाहिजे. कारण ज्याचा एकेरी उल्लेख करावा असा तो चुकलामाकला मुलगा येथे संपतो.

अवनींद्रनाथांची शिकविण्याची रीत निराळी होती. समोर बसून रेघ सुधारून देण्यापेक्षा ते रामायण-महाभारतातील कथा सांगत, जुनी चित्रे दाखवीत, आणि विद्यार्थ्यास त्याच्या मनातील चित्र शोधू देत. जपानहून आलेल्या चित्रकारांच्या सहवासातून त्यांनी जलरंगाची एक पद्धत सिद्ध केली होती. कागदावर रंग द्यावा, वाळल्यावर कागद पाण्यात बुडवावा, पुन्हा रंग द्यावा, पुन्हा धुवावा. असे अनेकदा केल्याने रंग कागदात मुरतो आणि चित्रावर धुक्यासारखी छटा येते. नंदबाबूंनी ही पद्धत आत्मसात केली. 1907 साली कलकत्त्यात प्राच्यकलेच्या प्रसारासाठी एक संस्था स्थापन झाली. तिच्या प्रदर्शनात त्यांच्या शिव-सतीच्या चित्रास पाचशे रुपयांचे पारितोषिक मिळाले. त्या काळी पाचशे रुपये ही कारकुनाची वर्षभराची कमाई होती. नंदबाबूंनी त्यातून काय करावे? घर बांधले नाही, दागिने केले नाहीत. ते देश पाहावयास निघाले. गया, काशी, आग्रा, दिल्ली, मथुरा, वृंदावन आणि पुढे दक्षिणेकडील मंदिरे. ज्या मुलाला भूगोलाच्या पुस्तकात गोडी नव्हती, त्याने हिंदुस्थान असा पायांखाली घातला.

यानंतरचा प्रसंग महाराष्ट्राशी निगडित आहे, म्हणून त्याविषयी अंमळ विस्ताराने लिहितो. 1909 सालच्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्ती अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार करण्यासाठी दुसऱ्यांदा हिंदुस्थानात आल्या. त्यांस हिंदी साहाय्यक हवे होते. भगिनी निवेदितांनी आग्रह धरला की, कलकत्त्याच्या तरुण चित्रकारांनी ही संधी दवडू नये. त्यांच्या आग्रहामुळे नंदबाबू व असितकुमार हालदार हे अजिंठ्यास आले. वेंकटप्पा व समरेंद्रनाथ गुप्त हेही त्या कामात सामील झाले. अजिंठा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. मुक्काम फर्दापूरला तंबूंत, आणि रोज तेथून वाघूर नदीच्या काठाने लेण्यांकडे जावयाचे.

आपल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी याच्या पुष्कळ आधी तेथे येऊन गेले होते. प्रा. ग्रिफिथ्स यांच्या नेतृत्वाखाली 1872 पासून 1885 पर्यंत त्यांनी त्या भिंतींच्या प्रतिकृती केल्या. दुर्दैवाने त्यांतील पुष्कळशा लंडनमध्ये 1885 सालच्या आगीत भस्मसात झाल्या. इतक्या तरुणांची इतक्या वर्षांची मेहनत अशी जावी, याची हळहळ आजही वाटते. हेरिंगहॅमबाईंचे काम हे एका अर्थी ती हानी भरून काढण्याचे होते. त्यांनी तयार करविलेल्या प्रतिकृतींचा संग्रह 1915 साली लंडनहून प्रसिद्ध झाला.

अजिंठ्याच्या कित्येक लेण्यांत दिवसाही पुरेसा उजेड पोहोचत नाही. वटवाघळांचा त्रास असे. गिलावा जागोजाग पडलेला. चिखल, भुसा इत्यादींच्या थरावर चुन्याचा पातळ हात देऊन त्यावर ही चित्रे काढलेली आहेत. ओल लागली की थरच्या थर सुटतो. अशा ठिकाणी उभे राहून, पंधराशे वर्षांपूर्वीच्या अनाम चित्रकाराची एकेक रेषा आपल्या कुंचल्याने पुन्हा ओढावयाची, हे काम नंदबाबू त्या हिवाळ्यात करीत राहिले. ज्या हाताने आजवर कलकत्त्याची धुक्याची चित्रे काढली होती, त्यास येथे खडकासारखी निश्चित रेषा भेटली. पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या खांद्यापासून हातातील कमळापर्यंत उतरणारी ती एक रेषा पाहा. तिच्यात कोठे डळमळ नाही, कोठे खाडाखोड नाही. अजिंठ्यानंतरच्या नंदबाबूंच्या चित्रांत रंग मागे सरला आणि रेषा पुढे आली, असे जाणकार सांगतात. मला वाटते, अवनींद्रनाथ हे त्यांचे पहिले गुरू, तर दुसरे गुरू ज्यांची नावेही कोणास ठाऊक नाहीत ते आपल्या अजिंठ्याचे चित्रकार. पुढे 1921 साली ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या राज्यातील बाघ येथील लेण्यांच्या प्रतिकृती करण्यासही ते गेले होते.

कलाशाळेतील शिक्षण संपल्यावर तेथील नवे प्रमुख पर्सी ब्राउन यांनी त्यांस त्याच शाळेत नोकरी देऊ केली. सरकारी नोकरी, निश्चित पगार! घरच्यांना यापरते समाधान कोणते? नंदबाबूंनी ती नाकारली. जोडासांको येथे टागोरांच्या वाड्यात अवनींद्रनाथांच्या सान्निध्यात राहून ते काम करीत राहिले. गुरूंनी त्यांच्या निर्वाहाची सोय लावून दिली. डॉ. आनंद कुमारस्वामी टागोरांच्या चित्रसंग्रहाची सूची करीत होते, त्या कामी त्यांनी हातभार लावला. कुमारस्वामी व निवेदिता यांनी लिहिलेल्या पुराणकथांच्या ग्रंथासाठी चित्रे काढली. त्या काळात सुधीरादेवींनी संसार कसा निभावला असेल, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. थोरांच्या चरित्रांत अशा नोंदी क्वचितच असतात.

रवींद्रनाथांना नंदबाबू शांतिनिकेतनात हवे होते. अवनींद्रनाथांना ते कलकत्त्यात हवे होते. काका आणि पुतण्या यांच्या या ओढाताणीत त्या भिडस्त माणसाची फार कुचंबणा झाली. ते शांतिनिकेतनास गेले, परत आले, पुन्हा गेले. अखेरीस ते तेथेच राहिले, आणि 1922 साली कलाभवनाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. 1951 साली निवृत्त होईपर्यंत ते त्या पदावर होते. विद्यार्थी त्यांना मास्टरमोशाय, म्हणजे मास्तरमहाशय म्हणत. परीक्षांनी ज्याची तारुण्याची वर्षे खाल्ली, त्याच्या हाती एक शाळा आली तेव्हा त्याने काय केले, हे पाहणे मनोरंजक आहे. ठराविक अभ्यासक्रमाचा आणि गुणांचा जाच त्यांनी दूर ठेवला. विद्यार्थ्यांना घेऊन ते माळरानावर, संथाळांच्या वस्तीत, नदीकाठी जात. झाड काढावयाचे तर प्रथम झाडाजवळ बसावे, त्याच्या वाढीची तऱ्हा न्याहाळावी, आणि मग कागद हाती घ्यावा, असा त्यांचा दंडक. आपल्या बायका अंगणात रांगोळी घालतात तशी बंगालमधील स्त्रिया तांदळाच्या पिठाने आलपना काढतात. तिलाही त्यांनी कलाभवनात मानाचे स्थान दिले. वीणकाम, चर्मकाम, मातीकाम यांना चित्रकलेहून कमी लेखले नाही. मला येथे क्षेत्रमणिदेवींच्या बाहुल्या आठवतात.

परंतु त्यांनाही एकदा चूक घडता घडता राहिली. विनोदबिहारी मुखर्जी नावाचा एक मुलगा कलाभवनात प्रवेश मागावयास आला. त्याचा एक डोळा जन्मापासून निकामी आणि दुसऱ्याची दृष्टी अत्यंत अधू. अशा मुलास चित्रकला शिकवून काय साधणार, असा प्रश्न नंदबाबूंस पडला आणि ते त्यास घेण्यास कचरले. म्हणजे ज्या प्रकारची शंका पूर्वी त्यांच्याविषयी वडीलधाऱ्यांनी घेतली होती, तशीच आता ते घेत होते. रवींद्रनाथांनी मध्यस्थी केली. मुलास गोडी असेल व तो नियमाने काम करीत असेल तर भविष्याची काळजी आपण करू नये, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. नंदबाबूंनी मुलास घेतले. तोच विनोदबिहारी पुढे शांतिनिकेतनच्या हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचे भव्य चित्र काढणारा थोर चित्रकार झाला, आणि पूर्ण अंधत्व आल्यावरही त्याने काम थांबविले नाही. रामकिंकर बैज हा बांकुड्याच्या गरीब घरातला मुलगा आला, तेव्हा मात्र नंदबाबू शहाणे झालेले होते. त्याचे काम पाहून, यास सर्व येतेच आहे, हा येथे काय शिकणार, असे म्हणून त्यांनी त्यास दोनतीन वर्षे राहून पाहावयास सांगितले. रामकिंकर जन्मभर तेथेच राहिले आणि आधुनिक भारतीय शिल्पकलेचे अध्वर्यू ठरले. आपल्या महाराष्ट्रातील विनायक मासोजी हेही नंदबाबूंचे शिष्य आणि पुढे कलाभवनातच अध्यापक झाले.

1930 साली महात्माजी दांडीयात्रेस निघाले. हाती काठी घेऊन चालणाऱ्या गांधीजींचे काळ्यापांढऱ्या रंगांतील ठशाचे जे चित्र सर्वांनी पाहिलेले असते, ते नंदबाबूंनी त्याच वर्षी केले. त्याच सुमारास रवींद्रनाथांच्या सहजपाठ या बालपुस्तकासाठी त्यांनी चित्रे काढली. तेव्हापासून बंगाली मुले अक्षरे गिरवितात ती त्यांच्या चित्रांच्या सोबतीने. शाळेत ज्याचे कधी जमले नाही, त्याचा हात असा प्रत्येक शाळेत जाऊन पोहोचला.

आणि मग फैजपूर. राष्ट्रसभेचे अधिवेशन शहरात न भरविता खेड्यात भरवावे, ही गांधीजींची इच्छा. डिसेंबर 1936 मध्ये पूर्व खानदेशातील फैजपूर येथे ते भरले, अध्यक्ष पं. जवाहरलाल नेहरू. नगरास टिळकनगर असे नाव दिलेले होते. त्याच्या उभारणीत व सजावटीत नंदबाबूंनी भाग घ्यावा, असा गांधीजींचा आग्रह होता. आपण वास्तुशिल्पी नव्हे, हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, असे नंदबाबूंनी संकोचाने कळविले. गांधीजींनी ते मानले नाही. तेव्हा नंदबाबू आले, आणि वास्तुशिल्पी म्हात्रे यांच्यासमवेत कामास लागले. शहरातून काहीही आणावयाचे नाही. जे काही करावयाचे ते खानदेशच्या खेड्यात मिळणाऱ्या वस्तूंतून आणि तेथील कारागिरांच्या हातून. बांबू, माती, गवत यांतून प्रवेशद्वारे व मंडप उभे राहिले. अध्यक्षांच्या मिरवणुकीसाठी साध्या बैलगाडीचा रथ करण्यात आला. रोज शेतावर जाणारी ती गाडी पाहून खेडूत विस्मित झाले. प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या भाषणात गांधीजींनी म्हात्रे आणि नंदबाबू यांचा आवर्जून गौरव केला. खानदेशातील जुन्या घरांतून या अधिवेशनाच्या आठवणी सांगणारी माणसे पूर्वी भेटत. त्यांस पुढाऱ्यांच्या भाषणांपेक्षा तो रथ अधिक लक्षात राहिलेला असे.

दोन वर्षांनी, 1938 साली, गुजरातेत हरिपुऱ्यास अधिवेशन झाले. त्या वेळी नंदबाबूंनी स्वतः ऐंशीहून अधिक चित्रफलक रंगविले. त्यांत राजे नाहीत, देव नाहीत. शिंपी, सुतार, धनुर्धारी, ढोल वाजविणारा, धान्य कांडणारी स्त्री, बैलाचा शिकारी सांभाळ करणारा गडी अशी रोजची माणसे आहेत. जाणाऱ्या-येणाऱ्या शेतकऱ्याने ती उभ्या उभ्या पाहावीत, यासाठी ती मोकळ्या जागी लावली होती. बडोद्यास गायकवाड महाराजांच्या कीर्तिमंदिराच्या भिंतींवर 1939 ते 1946 या काळात त्यांनी गंगावतरण, मीराबाईचे जीवन, महाभारतातील युद्ध इत्यादी विषय चितारले. तेथे जाण्याचा योग आल्यास वाचकांनी ते अवश्य पाहावे.

राज्यघटनेच्या हस्तलिखिताचे काम त्यांच्याकडे आले तेव्हा ते सदुसष्टीच्या घरात होते. अक्षरे प्रेमबिहारी नारायण रायजादा यांची. पृष्ठांवरील चित्रे नंदबाबू आणि त्यांच्या शिष्यांची. मोहेंजोदडोच्या मुद्रेतील वृषभापासून आरंभ करून बुद्ध, अकबर, शिवछत्रपती व गुरू गोविंदसिंह, झाशीची राणी, गांधीजी असा सारा इतिहास त्या पृष्ठांवर क्रमाने येतो. 24 जानेवारी 1950 रोजी घटनासमितीच्या सभासदांनी त्या प्रतीवर स्वाक्षऱ्या केल्या. 1954 साली त्यांस पद्मविभूषण हा बहुमान मिळाला. विश्वविद्यालयांनी सन्मानाच्या पदव्याही दिल्या. एफ. ए. ची परीक्षा मात्र शेवटपर्यंत राहून गेली ती गेलीच.

निवृत्तीनंतर ते शांतिनिकेतनातच राहिले. त्यांच्या खिशात पोस्टकार्डाएवढे कोरे कागद नेहमी असत. रस्त्याने जाताना बकरी दिसली, वाऱ्याने वाकलेला ताड दिसला, डोक्यावर मोळी घेतलेली संथाळ बाई दिसली, की ते थांबत आणि चार रेषांत ती कागदावर उतरवीत. अशी हजारो चित्रे त्यांनी काढली. पुष्कळशी विद्यार्थ्यांना व स्नेह्यांना पत्रांसोबत पाठवून दिली. दूरच्या गावी नोकरीस लागलेल्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या हाती अचानक एक कार्ड पडावे, त्यावर मजकूर थोडा आणि एका कोपऱ्यात बकरी, असे पुष्कळदा घडे. ज्यांना ती मिळाली त्यांनी ती जपून ठेवली. म्हातारपणी मोठी चित्रे थांबली, तरी ही लहान चित्रे चालूच राहिली. 16 एप्रिल 1966 रोजी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी कलकत्त्यात त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या कामाचा फार मोठा संग्रह, सुमारे सात हजार चित्रे, दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. हरिपुऱ्याचे फलकही त्यात आहेत, आणि त्या छोट्या कार्डांपैकीही पुष्कळ.